गावातल्या वाचनालयाचे वाचक ऑनलाइन एकत्र कसे आणायचे

महाराष्ट्रात सरकारी अनुदानावरची अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ ब क ड अशा दर्जाच्या वर्गांतली, आणि त्यातली बरीचशी आता व्हॉट्सॲपवर आलीयत. पण असा एखादा ग्रुप उघडून बघा. सकाळी सुप्रभात, मग जयंती-पुण्यतिथीचं अभिवादन, मग "उद्या वाचनालय बंद राहील", मधेच कुणाचा तरी वाढदिवस, आणि पुस्तकाबद्दल आठवड्यात एक ओळ नाही. सभासद ग्रुप म्यूट करतात, त्यांचं काहीच चुकत नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. या संस्था एवढी वर्षं टिकल्या कारण तिथे माणसं जमायची, पेपर वाचता वाचता वाद घालायची, एकमेकांना पुस्तकं सुचवायची. ऑनलाइन आणायचीय ती ही बोलणारी माणसं. वाचनालयाने बोलायचं कमी आणि सभासदांना बोलतं जास्त करायचं, एवढं एक धरून ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी माणसं ठरवा

हे काम एकट्या ग्रंथपालाच्या गळ्यात घालू नका. देव-घेव, दाखल नोंदी, वार्षिक अहवाल, अनुदानाची कागदपत्रं, आणि हे सगळं तुटपुंज्या पगारात, त्यात अजून हे कुठे. तीन जणांची टीम पुरते: ग्रंथपाल, अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करणारी एखादी मुलगी किंवा मुलगा ज्याचा मोबाइलवर हात बसलाय, आणि एखादे निवृत्त शिक्षक ज्यांचं शुद्धलेखन चांगलंय आणि गावात सगळे ज्यांना ओळखतात.

कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये रीतसर ठराव करून घ्या. संस्थेच्या नावाने वेगळा ईमेल काढा, पासवर्ड कार्यवाहांकडे लिहून ठेवा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते पण पेज ज्याच्या वैयक्तिक नंबरवर काढलेलं असतं तो नोकरीसाठी पुण्याला गेला की पेजही त्याच्याबरोबर जातं आणि मग कुणालाच काही करता येत नाही.

जागा दोनच, जास्त नको

एक जागा अशी हवी जिथे लिहिलेलं टिकतं आणि एक अशी जिथून ते लोकांपर्यंत पोचतं. टिकण्यासाठी ब्लॉग काढा, ब्लॉगर फुकट आहे, गूगलच्या अकाउंटवर अर्ध्या तासात सुरू होतो. पोचवण्यासाठी व्हॉट्सॲप. नुसतं व्हॉट्सॲप ठेवलं तर आज लिहिलेलं चांगलं टिपण आठवड्याने शोधूनही सापडत नाही, आणि नुसता ब्लॉग ठेवला तर तो कुणी उघडतच नाही, म्हणून दोन्ही.

व्हॉट्सॲपमध्येही ग्रुप की चॅनल हे नीट बघा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे बऱ्याच बायका आणि मुली ग्रुपमध्ये यायला तयार नसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. चॅनलमध्ये फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मी म्हणेन चॅनल सगळ्यांसाठी, आणि ज्यांना खरंच गप्पा मारायच्यात त्यांच्यासाठी वेगळा छोटा ग्रुप, विचारूनच ॲड करायचा.

लिहिताना युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या मराठी अक्षरांत. वाचनालयाचं जुनं साहित्य श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, पडलेलं असतं, ते तसंच कॉपी करून टाकलं तर अक्षरांचा कचरा होतो आणि त्याचा फोटो टाकला तर गूगलवर गावाचं नाव शोधणाऱ्याला ते सापडत नाही. टायपिंगचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, मराठी निवडून माइकचं बटण दाबा आणि बोला, बरंचसं नीट उमटतं, बाकीचं आपले निवृत्त गुरुजी तपासतील. आणि हो, गूगल मॅपवर वाचनालयाची वेळ आणि सुट्टीचा वार बरोबर आहे का तेही याच बैठकीत बघून टाका.

काय लिहायचं, इथे सगळा जीव आहे

पुस्तकाचं मलपृष्ठ उतरवून काढू नका. सभासद पुस्तक परत करायला काउंटरवर येतो, ती दोन मिनिटं सोन्यासारखी आहेत. "कसं वाटलं काकू?" असं विचारा आणि त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्या म्हणतील, "अहो सुरुवातीला कंटाळा आला, पण मधे ती सासू येते ना तिथून सोडवेना, शेवटची पन्नास पानं मी कुकर बंद करून वाचली." हे जसंच्या तसं आठ-दहा ओळीत लिहा. साहित्यिक भाषा घालू नका, "लेखकाची शैली ओघवती आहे" हे वाक्य तर नकोच. काकूंनी हो म्हटलं तर त्यांचं नाव द्या, खाली पुस्तकाचं नाव, लेखक, दाखलांक (वाचनालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा नंबर) आणि सध्या पुस्तक कपाटात आहे का कुणाकडे गेलंय ते. वाचणाऱ्याला लगेच काउंटरवर येऊन मागता आलं पाहिजे. आपल्याच गल्लीतल्या बाईने कुकर बंद करून वाचलेलं पुस्तक शेजारची बाई मागायला येतेच येते, तेवढा भरवसा पेपरातल्या परीक्षणावर कुणी ठेवत नाही.

दिवाळी अंक तर आपल्याकडे हक्काचा विषय. १९०९ साली मासिक मनोरंजनने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची परंपरा आहे, आणि बहुतेक वाचनालयांची दिवाळी अंक योजना असते, वेगळी वर्गणी भरायची आणि पुढचे तीन-चार महिने अंक न्यायचे. अंक परत करताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: यातलं आधी काय वाचावं? एक कथा किंवा एक लेख, बास. दर आठवड्याला ती उत्तरं एकत्र करून टाका. शंभर अंकांच्या ढिगासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला याचा खरोखर उपयोग होतो, आणि फेब्रुवारीपर्यंत तुमच्याकडे गावाने निवडलेली दिवाळी अंकांची यादी तयार असते.

जुने फोटो बाहेर काढा

प्रत्येक जुन्या वाचनालयात एक कपाट असतं ज्यात शताब्दीची स्मरणिका, व्याख्यानमालेचे फोटो, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांचे गठ्ठे असतात. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न मारता, एकेक फोटो मोबाइलवर काढा. एका वेळी एकच टाका, आणि खाली माहितीचा निबंध लिहिण्यापेक्षा प्रश्न विचारा: डावीकडून तिसरे कोण? मागे दिसतंय ते दुकान कुणाचं? एकाने "आमचे आजोबा" म्हटलं की दुसरा त्या दुकानाबद्दल सांगतो, तिसरा म्हणतो ते दुकान नव्हेच, ती खानावळ. ही सगळी उत्तरं सांगणाऱ्याच्या नावासकट मूळ पोस्टमध्ये घाला आणि वाचनालयातल्या एका वहीतही उतरवून ठेवा, कारण ही माहिती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही आणि सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत, हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.

गाव सोडून ठाण्याला, दुबईला, अमेरिकेला गेलेली मंडळी सगळ्यात जास्त इथेच बोलतात. त्यांच्याकडे लगेच देणगीची पावती धरू नका. आधी त्यांच्याकडून आठवण लिहून घ्या, लहानपणी बालविभागात काय वाचलं ते.

व्याख्यान लाइव्ह करायचं असेल तर

यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह जायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा लाइव्ह चालू करून घ्यायला २४ तास लागू शकतात, म्हणजे हे कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी बघून चालत नाही, आठवडाभर आधी करा. आवाज नीट नसेल तर लोक दोन मिनिटात निघून जातात, त्यामुळे मोबाइल स्पीकरजवळ ठेवण्यापेक्षा साउंडवाल्याला मिक्सरमधून वायर द्यायला सांगा. नेटवर्क कच्चं असेल तर सरळ रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी टाका.

थोडे नियम, पण कडक

पीडीएफ. मराठी वाचकांच्या ग्रुपवर चालू पुस्तकांच्या पीडीएफ सर्रास फिरतात आणि वाचनालयाच्या ग्रुपवर हे अजिबात चालता कामा नये. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजून. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांचं २०६० संपेपर्यंत नाही. लेखक आणि प्रकाशक जगले तरच उद्या वाचनालयात नवीन पुस्तक येईल, हे ग्रुपवर स्पष्ट सांगा आणि पीडीएफ डिलीट करा, टाकणारा कितीही मोठा माणूस असो.

कुणी कुठलं पुस्तक नेलं हे त्याला न विचारता कधीच जाहीर करू नका, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. माणूस काय वाचतो हा त्याचा खासगी मामला आहे. बालविभागातल्या मुलांचे फोटो आईबाबांना विचारूनच. राजकीय फॉरवर्ड पहिल्याच वेळी काढा, सगळ्या पक्षांचे.

किती वेळा, आणि चाललंय हे कसं कळणार

आठवड्यातून एक पोस्ट, वार ठरलेला. रोज टाकायला गेलात तर महिन्याभरात दमाल. प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर द्या, नुसता हात जोडलेला इमोजी नको, उलट प्रश्न विचारा. लाइक मोजत बसू नका. काउंटरवर एक वही ठेवा आणि "ते मोबाइलवर वाचलं ते पुस्तक आहे का?" असं विचारत कुणी आलं की तारीख आणि पुस्तकाचं नाव लिहा. कुठल्या पोस्टने माणूस आत आणला हे त्या वहीतून बरोबर कळतं आणि पुढे काय लिहायचं तेही. महिन्यातून एकदा लिहिणाऱ्यांना वाचनालयातच चहाला बोलवा, ग्रुपवर भांडलेले दोघं समोरासमोर बसले की छान बोलतात.

आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही असे आजोबा रोज मुक्तद्वार विभागात, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या वाचनकक्षात, पेपर वाचायला येतातच. आठवड्याची पोस्ट मोठ्या अक्षरात प्रिंट काढून पेपरच्या टेबलावर ठेवा, त्यांचं म्हणणं अभ्यासिकेतल्या मुलांनी लिहून घ्यायचं आणि त्याच पोस्टखाली त्यांच्या नावाने टाकायचं.