शकुंतला आणि दुर्वास: पौराणिक चित्राची मांडणी कशी करायची

पौराणिक विषयावर फिगर पेंटिंग करायचं ठरलं की बरेच जण थेट चेहरा आणि दागिने काढायला बसतात आणि मग हातात उरते फक्त एक नटलेली बाई. आधी क्षण पकडा. राजा रविवर्म्यांनी शकुंतलेचा पायात काटा रुतल्याचं निमित्त करून मागे वळून बघण्याचा क्षण घेतला, सगळं चित्र त्या मानेच्या वळणावर उभं आहे. आपण कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’चा चौथा अंक घेऊ, दुर्वासांचा शाप.

मूळ नाटक उघडून वाचाच, कारण पोज कालिदासानेच देऊन ठेवलीय. शकुंतलेची मैत्रीण प्रियंवदा म्हणते, बघ, डाव्या हातावर चेहरा टेकवून कशी चित्रातल्यासारखी बसलीय. दुर्वास मात्र रंगमंचावर येतच नाहीत, नुसता आवाज येतो, आणि शकुंतलेला तो शाप ऐकूच जात नाही, मैत्रिणीही तिला सांगत नाहीत. म्हणजे आपल्याला काढायचंय ते तिचं न ऐकणं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी मांडणी तिथेच सुटते.

आता काडेपेटीएवढे चौकोन आखा आणि चारकोलने फक्त तीन टोन भरा, गडद, मधला, उजळ. चेहरे, डोळे काही नको. नाटकात न दिसणारे दुर्वास चित्रात मात्र घ्या, उभे, दंडासकट सरळ रेषा, दारातल्या उजेडाविरुद्ध गडद आकार. शकुंतला सावलीत, बसलेली, पाठीचा बाक गोल, नजर त्यांच्या उलट्या दिशेला फ्रेमच्या बाहेर. दोघांच्या मधली मोकळी जागा भरायचा मोह होतो, हरीण घालू, घडा ठेवू, पण ती जागा रिकामीच ठेवा, चित्र तिथेच घडतंय. फुलं वेचणाऱ्या मैत्रिणी लांब, लहान, मधल्या टोनमध्ये चालतील, मी तर त्या गाळूनच टाकेन.

मग मॉडेलला बसवा. गाल खरोखर तळव्यावर टेकला की गालाचं मांस वर सरकतं, त्या बाजूचा डोळा किंचित बारीक होतो, खांदा वर जातो आणि कोपराला गुडघ्याचा आधार लागतोच. आधार नसला तर पोज लगेच खोटी दिसते. उजवा हात मांडीवर सैल सोडा, त्याच हाताच्या बोटात दुष्यंताची अंगठी, आणि ती दिसलीच पाहिजे कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आधी कपड्यांशिवायचं शरीर ड्रॉ करा, वस्त्र नंतर. वल्कलं घालायची की रविवर्म्यांसारखी साडी हे तुम्ही ठरवा, पण घडी गुडघ्यावर ताणली जाते आणि मांड्यांमध्ये सैल पडते हे दोन्हीकडे सारखंच.

ड्रॉइंग पक्कं झालं की ग्रिड टाकून कॅनव्हासवर मोठं करा. रॉ अंबर हा तपकिरी तेलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळे टोन आधी एकाच रंगात लावा, तो लवकर वाळतो. वरच्या थरांत तेलाचं प्रमाण वाढवत जा, उलटं केलंत तर पुढे तडे जातात. त्वचेला यलो ऑकर, लाइट रेड, पांढरा आणि सावलीत थोडा विरिडियन, म्हणजे गार हिरवा, एवढ्यात काम भागतं. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद टोन शेजारी शेजारी फक्त गाल आणि तळव्याजवळ येऊ द्या, बाकी कुठे एवढा कॉन्ट्रास्ट आला तर तो निर्दयपणे दाबा. चित्र अधूनमधून आरशात बघत राहा, कललेली मान आणि छोटा पडलेला हात तिथे चटकन कळतो.

चेहऱ्यावरचं बारीक काम अगदी शेवटी. वार्निश साधारण सहा महिन्यांनी, रंग आतपर्यंत सुकल्यावरच, तोवर कॅनव्हास धुळीपासून जपा.