ट्रक आणि ट्रेलर रात्रभर सुरक्षित कसा ठेवावा

ट्रकसाठी उजेडाची, वर्दळीची आणि शक्यतो पहारा असलेली जागा निवडावी. ट्रेलर असा मागे घ्यावा की त्याचे मागचे दरवाजे भिंतीला किंवा दुसऱ्या ट्रेलरला जवळजवळ टेकतील, कारण जे दरवाजे उघडायला जागाच नाही त्यांच्या कुलपाशी झटापट करण्यात चोराला रस उरत नाही. तरीही जाड कुलूप लावावेच. आयएसओ १७७१२ या आंतरराष्ट्रीय मानकाचे बोल्ट सील (दरवाजाच्या कडीत अडकवायचे, क्रमांक असलेले, एकदाच वापरायचे धातूचे सील) कुलपाची जागा घेत नाही. छेडछाड झाल्याचा पुरावा देणे हे त्याचे मुख्य काम असल्याने त्याचा क्रमांक रात्रीच टिपून ठेवावा.

ट्रेलर एकटाच सोडून जायचे असेल, तर किंगपिन लॉक (ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या, ट्रेलरखालच्या खुंटीला बसवायचे कुलूप) अनिवार्य समजावे, अन्यथा कोणीही दुसरा ट्रक जोडून मालासकट ट्रेलर ओढून नेऊ शकतो. डिझेलच्या टाकीला कुलपाचे झाकण बसवावे. कोणता माल भरला आहे, हे ढाब्यावरच्या गप्पांत सांगू नये. ही माहिती चालकाच्याच तोंडून फुटू शकते.

सकाळी निघण्यापूर्वी सीलचा क्रमांक, ब्रेकच्या हवेच्या नळ्या आणि फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रेलरची खुंटी जिच्यात अडकते त्या ट्रकवरील जोडणीचा, सोडवण्याचा दांडा तपासावा. रात्री कोणी तो दांडा ओढून ठेवला असेल, तर चालत्या गाडीतून ट्रेलर सुटण्याचा धोका असतो.