रास्पबेरी पायची स्वतःची इमेज बनवताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या कारखान्यांना रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) बसवून देणारी बरीच तरुण मंडळी इमेजच्या, म्हणजे मेमरी कार्डावर लिहायच्या संपूर्ण सिस्टिमच्या फाइलच्या, अडचणी घेऊन माझ्याकडे येतात. कुणाचा पाय वजनकाट्याच्या नोंदी घेतो, कुणाचा शॉप फ्लोअरच्या स्क्रीनवर उत्पादनाचे आकडे दाखवतो. पहिलं यंत्र नीट चाललं की ऑर्डर वाढते आणि तेच कार्ड कॉपी करत सुटायचा मोह होतो. अडचणी तिथून सुरू होतात. इमेजमधून पुढे अनेक यंत्रं उभी राहायची असतात, त्यामुळे कुठल्याही एका यंत्राची खूण तिच्यात राहता कामा नये.

चालतं कार्ड क्लोन करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हाताने सेटिंग केलेल्या कार्डाची डीडी या कमांडने जशीच्या तशी कॉपी काढली की त्या यंत्राची ओळखही कॉपी होते: ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी, एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट किल्ल्या, ज्यांवरून यंत्राची खात्री पटते, होस्टनेम (नेटवर्कवरचं नाव), ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड, बॅशची हिस्टरी (दिलेल्या कमांडांची यादी), जुने लॉग. नेटवर्क जोडणीसाठी सिस्टमडी-नेटवर्कडी वापरत असाल तर आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडे सांगायची ओळख मशीन-आयडीवरूनच बनते. मग दोन क्लोनना एकच आयपी मिळतो. एक चालू केला की दुसरा नेटवर्कवरून गायब. असं झालं की लोक स्विच बदलतात, केबल बदलतात, राउटरवाल्याला बोलावतात. दोष कार्डात असतो.

होस्ट किल्ल्यांचं प्रकरण त्याहून गंभीर आहे. सगळ्या यंत्रांत एकच खासगी किल्ली असेल, तर एका कारखान्यातलं कार्ड ज्याच्या हाती लागेल त्याला तुमच्या इतर ग्राहकांच्या यंत्रांचं सोंग घेता येतं. ज्यांनी विश्वासाने आपल्या नेटवर्कमध्ये जागा दिली, त्यांच्याबाबतीत हा निष्काळजीपणा मला अजिबात चालत नाही.

‘पासवर्डची फाइल उडवली होती’ हे उत्तरही पुरेसं नाही. फाइल उडवली तरी तिचा मजकूर मोकळ्या ब्लॉकमध्ये तसाच राहतो, आणि डीडी मोकळे ब्लॉकही उचलतो. गुपितं इमेजमध्ये कधी जाताच कामा नयेत. ती पहिल्या बूटनंतर यंत्रागणिक द्या.

पाय-जेन ही रास्पबेरी पायची अधिकृत इमेज बनवणारी स्क्रिप्ट यासाठीच वापरायची. होस्ट किल्ल्या आणि मशीन-आयडी ती स्वतः साफ करते, पहिल्या बूटला नव्या तयार होतात. पाय-जेनऐवजी डेबूटस्ट्रॅप (मूळ सिस्टिम उभी करणारं टूल) थेट वापरत असाल तर हे काम तुमचं: मशीन-आयडीची फाइल रिकामी ठेवा, होस्ट किल्ल्या काढा आणि पहिल्या बूटला त्या पुन्हा बनवणारी सर्व्हिस ठेवा. तपासणी सोपी आहे. एकच इमेज दोन कार्डांवर लिहा, दोन्ही पाय एका स्विचला लावा आणि मशीन-आयडी, किल्लीचा फिंगरप्रिंट व आयपी ताडून पाहा. तिन्ही वेगळे आले पाहिजेत.

बिल्ड पूर्ण, पण आपला बदल इमेजमध्ये नाही

पाय-जेनचं काम स्टेज 0 ते स्टेज 5 अशा टप्प्यांत चालतं. स्टेज 2 ला लाइट इमेज तयार होते, डेस्कटॉप त्यापुढे येतो. कारखान्यातल्या यंत्राला बहुधा लाइटच पुरते, म्हणून पुढच्या तीन स्टेजच्या फोल्डरांत ‘स्किप’ नावाची रिकामी फाइल ठेवा, आणि स्टेज 4 व 5 मध्ये ‘स्किप इमेजेस’ नावाचीही. तेवढा वेळ आणि तेवढी डिस्क वाचते.

स्वतःची स्टेज जोडताना तीन गोष्टी हमखास राहतात. पहिली, प्रीरन स्क्रिप्ट. आधीच्या स्टेजची रूट फाइलसिस्टिम, म्हणजे सिस्टिमच्या सगळ्या फाइली, आपल्या स्टेजमध्ये कॉपी करण्याचं काम ती करते. ती नसेल तर पुढच्या स्क्रिप्टना काम करायला काही उरतच नाही. दुसरी, ‘एक्सपोर्ट इमेज’ नावाची फाइल. ती विसरलात तर बिल्ड सुखरूप संपतं आणि डिप्लॉय फोल्डरमध्ये तुमच्या स्टेजची इमेजच सापडत नाही. तिसरी सर्वांत फसवी: रन स्क्रिप्टला एक्झिक्युटची परवानगी नसेल तर पाय-जेन ती गुपचूप सोडून देतं, लाल अक्षरांत एरर येत नाही. विंडोजवर लिहून पेनड्राइव्हने आणलेल्या स्क्रिप्टमध्ये हे फार होतं. सीएचमॉड कमांडने ती परवानगी द्या आणि बिल्डच्या लॉगमध्ये आपल्या स्क्रिप्टचं नाव खरंच आलंय का ते शोधा.

ज्या फोल्डरात पाय-जेन उतरवलंय त्याच्या पूर्ण पाथमध्ये कुठेही स्पेस नको, डेबूटस्ट्रॅपला ती चालत नाही. आणि 64 बिटची इमेज हवी असेल तर आर्म 64 ही वेगळी ब्रँच घ्यावी लागते. मुख्य ब्रँच 32 बिटची आहे.

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ दिसली तर तुमच्या इंटेलच्या लॅपटॉपला आर्मचे प्रोग्रॅम चालवता येत नाहीयेत एवढाच अर्थ. ते चालवून देणारी क्यूईएमयू-युजर-स्टॅटिक आणि बिनएफएमटी-सपोर्ट ही पॅकेजं बसलीत का, बिनएफएमटीची नोंद झालीय का, ते पाहा.

अर्धवट थांबलेलं बिल्ड आणि आरएम

बिल्ड मध्येच कंट्रोल-सीने तोडलं, की वर्क फोल्डरमधल्या रूट फाइलसिस्टिममध्ये प्रॉक, सिस आणि डेव्ह हे सिस्टिमचे फोल्डर माउंट झालेले (जोडलेले) राहू शकतात. अशा वेळी सुडो (सर्वाधिकार) लावून फाइली पुसणारी आरएम-आरएफ कमांड चालवली तर लॅपटॉपच्या स्वतःच्या डेव्हमधल्या फाइली उडायला लागतात. आधी फाइंडमाउंटने काय काय माउंट आहे ते पाहा, सगळं अनमाउंट करा, लूप डिव्हाइस (डिस्कसारख्या जोडलेल्या फाइली) उरली असतील तर लोसेटअपने सोडवा. पुसताना आरएमला वन-फाइल-सिस्टिम हा पर्याय द्यायची सवय लावा, म्हणजे ते दुसऱ्या माउंटमध्ये शिरत नाही.

काही तास मागे असलेलं घड्याळ

पाय-जेनचा मूळ टाइमझोन लंडनचा आहे आणि कीबोर्डही ब्रिटिश. पाय-जेनच्या कॉन्फिग फाइलमध्ये एशिया/कोलकाता घातलं नाही तर रात्रपाळीचं उत्पादन आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होतं. सुपरवायझर आणि स्टोअरकीपर यांच्यात त्यावरून वाद पेटतो, आणि निष्पाप माणसाला बोलणी बसतात. वायफायचा देश भारत असा द्या. तो दिलेला नसेल तर वायफाय बंदच राहू शकतं.

पण टाइमझोन बरोबर असूनही वेळ चुकू शकते. पाय 4 पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, आणि पाय 5 वर ते असलं तरी बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज जाऊन आली की पाय इंटरनेटवरून वेळ घेतो. कारखान्याच्या फायरवॉलने यूडीपीचं पोर्ट 123 अडवलं असेल तर ती मिळत नाही, आणि मग सर्टिफिकेट अवैध असल्याच्या एरर येऊ लागतात. कारखान्याच्या आयटीवाल्याला टाइम सर्व्हर आधीच विचारून ठेवा, किंवा डीएस3231 या घड्याळाच्या चिपचं मोड्यूल लावून त्याचा ओव्हरले (सिस्टिमला ते ओळखवणारी सेटिंग) इमेजमध्येच घाला.

रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून, म्हणजे 2023 पासून, बूट होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग आणि सीएमडीलाइन या टेक्स्ट फाइली बूट फोल्डरखालच्या फर्मवेअर फोल्डरात गेल्या आहेत. जुन्या लेखातून उचललेली स्क्रिप्ट बूट फोल्डरमध्येच लिहीत बसते आणि बदल लागू होत नाही. सीएमडीलाइनचा सगळा मजकूर एकाच ओळीत हवा. एंटर दाबलात तर पुढचं वाचलं जात नाही. आणि 2022 च्या एप्रिलपासून ‘पाय’ हा ठरलेला युजर येत नाही, तेव्हा युजरचं नाव पाय-जेनच्या कॉन्फिगमध्ये स्वतः द्या.

कार्ड लिहिताना

डीडी चालवण्याआधी दर वेळी एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडने आकार पाहून कार्ड कोणतं ते ठरवा. काल कार्डाचं नाव एसडीबी होतं म्हणून आजही तेच असेल असं धरू नका. इमेज पूर्ण डिव्हाइसवर लिहायची असते. एसडीबी1 या पार्टिशनवर लिहिलीत तर बूट होणार नाही. कॉन्व्ह-एफसिंकचा पर्याय द्या, नाहीतर प्रॉम्प्ट परत आला तरी डेटा अजून मेमरीतच असू शकतो.

32 जीबीची दोन कंपन्यांची कार्डं नेमकी सारख्या आकाराची नसतात. म्हणून इमेज लहानच ठेवा आणि पहिल्या बूटला पार्टिशन वाढू द्या. घाऊकात स्वस्त मिळालेल्या कार्डांवर छापलेली क्षमता खरी आहे का, ते एफ3 या टूलने आधी तपासा. खोटं कार्ड सुरुवातीला व्यवस्थित चालतं, आणि खरी जागा संपली की पुढच्या नोंदी हरवायला लागतात.