दवाखान्यात वाढलेल्या वजनाचं काय करायचं, नव्यानं प्रॅक्टिस सुरू केलेल्या आमच्या भागातल्या डॉक्टरांसाठी

आमच्या बेळगाव-खानापूरकडं पेशंट 'वजन वाढलंय' म्हणून क्वचितच येतो, गुडघे दुखायलेत, चढ चढताना दम लागतोय, पाळी पुढं जायलीय असं सांगत येतो. वजनाचा विषय आपणच काढायचा, आणि तिथंच आपलं चुकतं, कारण पहिलंच वाक्य 'खाणं कमी करा'. पेशंट मान हलवतो आणि परत येत नाही. त्यापेक्षा विचारा, "मावशी, आज वजनाबद्दल थोडं बोलूया काय?" होय म्हणाल्या की मग पुढं.

वजन, उंची घ्या आणि टेप काढाच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड हातानं चाचपायचं, दोन्हीच्या बरोबर मधे टेप धरायची, परकराची नाडी खाली सरकवायला सांगायची, बाई असेल तर सिस्टरला सोबत ठेवायचं, आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. बायकांत 80 सेंटीमीटर, पुरुषांत 90 च्या वर म्हणजे पोटात चरबी साठलीय. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) आपल्या लोकांत 23 पासून जास्त वजन, 25 पासून लठ्ठपणा. 30 ची वाट बघू नका, तोवर शुगर येऊन बसते.

मग औषधांची पिशवी ओतायला लावा. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड (शुगरची गोळी), ओलान्झापिन (मानसिक आजाराची), व्हॅल्प्रोएट (फिटची), स्टेरॉइड, यांनी वजन वाढतं. दुखण्यावरच्या बिननावाच्या पुड्या निघाल्या तर स्टेरॉइडचा संशय घ्या, पण एकदम बंद करू नका. शुगर, लिपिड (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करा, झोपेत श्वास अडकतो काय हे कळायला घोरणं आणि दिवसा पेंगणं विचारा.

जेवणाचं विचारताना 'काल सकाळपासून काय काय' असं विचारा. एक मावशी म्हणायच्या "दोन घास भात खाते ओ, तरी वजन कमी होईना". चहा मोजला तर दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे 12 चमचे, 60 ग्रॅम साखर, 240 कॅलरी नुसत्या चहातून! भात बंद म्हणून सांगितलं असतं तर घरात भांडण झालं असतं, म्हणून आधी फक्त चहाची साखर निम्मी केली, पंधरा दिवसांनी भात एक वाटी आणि सोबत मुगाची उसळ. कुंदा, करदंट असलं गोड घरात आलं तर एक तुकडा आणि डबा शेजारी द्यायचा. एका वेळी एकच बदल सांगा, छापील डाएट चार्ट घडी घालून देव्हाऱ्यात जातो.

शेतात राबणाऱ्याला 'व्यायाम करा' म्हटलं की त्याला राग येतो, आणि बरोबरच आहे. पण भाताची लावणी संपली की हालचाल थांबते आणि ताट तेवढंच राहतं, हे त्याला समजावून सांगा. बाकीच्यांना आठवड्यात पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणं.

टार्गेट सहा महिन्यांत वजनात 5 ते 10 टक्के घट, म्हणजे 80 किलोवाल्याला 4 ते 8 किलो. एवढ्यानंही बीपी, शुगर सुधारते, त्यामुळं इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडचा डोस वेळेवर कमी करा, नाहीतर शुगर उतरून पेशंट चक्कर येऊन पडतो.

भूक आणि वजन कमी करणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं चांगली आहेत पण बंद केली की बरंचसं वजन परत येतं, हे आणि महिन्याचा खर्च पहिल्या डोसच्या आधी सांगा. गरोदरपणात नाहीत. बीएमआय 32.5 च्या वर आणि सोबत शुगर असेल तर वजनाच्या ऑपरेशनसाठी सर्जनचं मत घ्यायला कचरू नका.

आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख चिठ्ठीवर लिहून द्या, वजन वाढलं असलं तरी याच म्हणावं, रागावणार नाही.