पोलिसांचे चेहरा ओळखणारे कॅमेरे: माहिती अधिकाराचा अर्ज असा लिहा

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेसाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे पोलिसांना जाब विचारायचा तर त्यांचेच आदेश, निविदा आणि एसओपी (ठरवून दिलेली कार्यपद्धती) आधी हातात हवेत.

छत्रपती संभाजीनगरात अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो. लातूर, परभणी, बीडला पोलीस अधीक्षक कार्यालयात. कॅमेरे स्मार्ट सिटीच्या किंवा महापालिकेच्या पैशातून लागले असतील तर कंत्राटाची फाइल तिकडे असते, म्हणून तिथे वेगळा अर्ज द्या. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे वर्ग व्हायला हवा, पण त्या भरवशावर राहू नका.

जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि साधारण १५० शब्द. शब्द वाढले की परत पाठवायला आयतं निमित्त मिळतं. ‘का’ विचारू नका, मतं मागू नका; कागद मागा:

“चेहरा ओळख सॉफ्टवेअरचा खरेदी आदेश व करारनामा, वापराची एसओपी, जुळणी ग्राह्य धरण्याची किमान टक्केवारी ठरवणारा आदेश, फोटो किती दिवस ठेवायचे याचा आदेश, गेल्या वर्षी किती वेळा शोध घेतला, त्यापैकी किती जुळण्या चुकीच्या निघाल्या, याची नोंद.”

यातली टक्केवारी सोडू नका. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारातच सांगितलं की ८० टक्क्यांवरची जुळणी ते सकारात्मक धरतात. हा आकडा म्हणजे दोन चेहरे किती सारखे याला सॉफ्टवेअरने दिलेले गुण. माणूस तोच असल्याची ८० टक्के खात्री नव्हे. ही किमान टक्केवारी खाली आणली की भलत्यांचे चेहरे जुळतात, वर नेली की हवा तो निसटतो. शिवाय चौकातलं फुटेज अंधुक, कॅमेरा उंचावर आणि तोंडाला रुमाल, मग चूक वाढणारच.

कुणाचं नाव मागू नका, नाहीतर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येतो. फक्त संख्या मागा.

‘तपासात अडथळा येईल’ हे ठरलेलं उत्तर. नुसता तपास सुरू असणं पुरेसं नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त’ या प्रकरणात म्हटलं आहे. अपिलात तेच लिहा आणि कलम १० खाली गोपनीय भाग झाकून उरलेलं द्या, अशी मागणी करा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाच्या संभाजीनगर खंडपीठाकडे. उत्तराची मुदत पोचपावतीच्या तारखेवरून मोजली जाते, तेव्हा आवक शिक्क्याशिवाय खिडकी सोडू नका.