एएमटी गाडी ट्रॅफिकमध्ये हिसके देते?

संध्याकाळी सिंहगड रोडवर आमची छोटी एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी) पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घुटमळायची. प्रत्येक हिसक्याला मागे बसलेल्या आईची मान पुढे!

१. गर्दी लागली की लिव्हर ‘एम’वर (मॅन्युअल, म्हणजे गिअर आपण बदलायचा) घ्या आणि गाडी पहिल्यातच राहू द्या. वेग १५च्या पुढे टिकला तरच दुसरा.
२. गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर सैल सोडा, मॅन्युअल गाडीत सोडतो तसाच. निम्मे हिसके इथेच जातात.
३. पुढच्या गाडीशी थोडं अंतर ठेवा. (तिथे रिक्षा घुसणारच, घुसू दे.)

फक्त कात्रजच्या चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, क्लच जळतो. हँडब्रेक ओढा. एवढं करूनही हिसके थांबले नाहीत तर क्लच तपासून घ्या.