समतोल स्थिरांक ताळ्यात जुळत नव्हता: माझा अनुभव

भाचीचं अकरावीचं गणित. २ लिटरच्या फ्लास्कमध्ये ०.१ मोल डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड, २५ अंश सेल्सिअस, समतोल स्थिरांक ४.६ × १०⁻³. टेट्रॉक्साइडचा एक रेणू फुटून नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन होतात; स्थिरांक म्हणजे समतोलाला डायऑक्साइडच्या संहतीचा (मोल प्रति लिटर) वर्ग भागिले टेट्रॉक्साइडची संहती. डायऑक्साइडची संहती आली ०.०१५२, पण ती सूत्रात परत घातली की स्थिरांक ५.४ × १०⁻³ निघे.

आधी वाटलं, लिटरने भागायचं राहिलं. पण भागलं होतं. मग (२क्ष)² चं (क्ष म्हणजे दर लिटरमागे फुटलेलं टेट्रॉक्साइड) चुकून २क्ष² झालंय का पाहिलं, तेही नाही. दादर ते बोरिवली उभ्याने वही धरून तीनदा सोडवलं, तिन्ही वेळा तेच, डोकं फिरलं.

घोळ होता ०.०५ − क्ष ऐवजी नुसतं ०.०५ धरायच्या, ‘क्ष लहान, सोडून द्या’ या सवयीत. क्ष आला होता ०.००७६, म्हणजे ०.०५ च्या १५ टक्के. ही सूट साधारण ५ टक्क्यांच्या आतच चालते.

मग असं केलं. सुरुवातीची संहती ०.१ ÷ २ = ०.०५. समतोलाला टेट्रॉक्साइड ०.०५ − क्ष, डायऑक्साइड २क्ष. म्हणून ४क्ष² ÷ (०.०५ − क्ष) = ०.००४६. काहीही न सोडता मांडलं:

४क्ष² + ०.००४६क्ष − ०.०००२३ = ०

वर्गसमीकरणाच्या सूत्राने क्ष = ०.००७०३, ऋण उत्तर बाद, संहती ऋण कशी असेल? डायऑक्साइड (फ्लास्कमधला तपकिरी वायू तो हाच) ०.०१४१, टेट्रॉक्साइड ०.०४३० मोल प्रति लिटर.

ताळा: ०.०१४१² ÷ ०.०४३० = ४.६ × १०⁻³.